क्लीनरूमशिवाय फोटॉनिक स्फटिक: सिलिकाच्या गोळ्यांपासून हिरवी ओपल फिल्म

प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी नॅनोरचनेतून प्रकाशावर ताबा मिळवणारं काहीतरी करायचंय, शक्यतो मेटालेन्स, म्हणजे नॅनोखांबांचं सपाट भिंग. कॉलेजात फ्यूम हूड, सेंट्रिफ्यूज, सोनिकेटर, मफल फर्नेस आणि यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर आहे, क्लीनरूम, म्हणजे धूळमुक्त प्रयोगशाळा, नाही. काचेवर सिलिकाचे कण सुकवून पाहिले तर चुन्याचा हात मारल्यासारखा पांढरा थर आला, रंग नाहीच. चुकलं कुठे?

बहुतेक वेळा चूक काचेवर सुकवताना झालेली नसते. ती आदल्या आठवड्यात, कण बनवतानाच होऊन गेलेली असते. फळवाला मोसंब्यांचा मनोरा रचतो तो सगळी मोसंबी जवळपास एका मापाची असतात म्हणून. त्यात चार लिंबं आणि दोन पपनसं मिसळली की रचना राहत नाही, नुसता ढीग होतो. ढिगावरून प्रकाश कसाही विखुरतो आणि सगळे रंग एकत्र येऊन पांढरं दिसतं. गोळ्यांच्या व्यासातला फरक ५ टक्क्यांच्या आत असेल तर रंग झळकतो. ८ टक्क्यांच्या पुढे गेलात तर सुकवण्याची कुठलीही युक्ती कामाला येत नाही. म्हणून या उत्तराचा निम्मा भाग गोळ्यांवरच आहे.

मेटालेन्सचा हट्ट सध्या सोडा, ओपल फिल्म करा: सिलिकाचे एकसारखे गोळे शिस्तीत रचले की फोटॉनिक स्फटिक होतो, म्हणजे ठरावीक रंगच परत फेकणारी नियमित रचना. २०१६ साली हार्वर्डमध्ये फेडेरिको कापासो यांच्या गटाने दृश्य प्रकाशासाठी जी सपाट भिंगं दाखवली, त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचे ६०० नॅनोमीटर उंचीचे खांब होते आणि प्रत्येक खांब इलेक्ट्रॉन बीमने आखलेला होता. तसं काही करायचं तर आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणच्या नॅनोफॅब्रिकेशन सुविधेत वेळ मागून घ्यावा लागतो. ओपलचं तसं नाही, तिथे गोळे स्वतःच रांगेत बसतात. निसर्गातल्या मौल्यवान ओपलचं रहस्यही हेच आहे. १९६४ साली ऑस्ट्रेलियात जे. व्ही. सँडर्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले सिलिकाचे एकसारखे गोळे आणि त्यांची शिस्तशीर रचना दाखवली.

आधी हिशोब करू, कारण रंग ठरवूनच सुरुवात करायची असते. घट्ट रचलेल्या गोळ्यांत ७४ टक्के जागा सिलिकाची आणि २६ टक्के हवेची. सिलिकाचा अपवर्तनांक १.४५ धरा, त्याचा वर्ग २.१०२५. त्याच्या ७४ टक्क्यांत हवेचे ०.२६ मिळवले की १.८१६ येतात, आणि वर्गमूळ १.३४८. हा फिल्मचा सरासरी अपवर्तनांक. सरळ समोरून पाहताना परत येणारी तरंगलांबी म्हणजे व्यास गुणिले १.६३३ गुणिले १.३४८. गोळा २५३ नॅनोमीटरचा असेल तर उत्तर ५५७ नॅनोमीटर, म्हणजे स्वच्छ हिरवा. काच तिरपी केली तर १.३४८च्या जागी १.८१६ वजा कोनाच्या साइनचा वर्ग, या बाकीचं वर्गमूळ घ्यायचं. ४५ अंशांना तोच हिरवा ४७४ नॅनोमीटरच्या निळ्यावर सरकतो. हे सरकणं दिसलं नाही तर तुमच्याकडे स्फटिक नाही, रंगीत धूळ आहे.

आता गोळे. पद्धत स्टोबर, फिंक आणि बोन यांची, १९६८ सालची. टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, म्हणजे टीईओएस, अल्कोहोलमध्ये पाणी आणि अमोनियाच्या सान्निध्यात फोडायचं. १०० मिलीच्या घाण्यासाठी अ‍ॅब्सोल्यूट इथेनॉल ८३.६ मिली, डिस्टिल्ड पाणी ७ मिली, २५ टक्क्यांचं अमोनिया लिकर (पाण्यात विरघळलेला अमोनिया) ५.६ मिली आणि टीईओएस ३.८ मिली. म्हणजे टीईओएस ०.१७ मोलर, अमोनिया ०.७५ मोलर आणि लिकरमधलं पाणी धरून एकूण पाणी ६ मोलर. लिकरमधलं ते पाणी हिशोबात धरायला लोक विसरतात. इथे ते जवळजवळ ४ ग्रॅम आहे, एकूण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. या प्रमाणांना २५ अंश तापमानात अडीचशे नॅनोमीटरच्या आसपासचे गोळे मिळायला हवेत आणि हाती साधारण १ ग्रॅम सिलिका पडते. एका फिल्मला काही मिलिग्रॅमच लागतात, त्यामुळे एक घाणा सगळ्या प्रकल्पाला पुरतो. मुद्दाम एकच घाणा वापरा. दर फिल्मला नवा घाणा केलात तर कुठला फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही.

"मिळायला हवेत" असं म्हटलं ते अमोनियाच्या बाटलीमुळे. लेबलवर २५ टक्के लिहिलेलं असतं, पण उन्हाळ्यात चार महिने उघड-मीट झालेल्या बाटलीतला वायू निघून गेलेला असतो. ताजं लिकर सुमारे १३.४ मोलर असतं. ते १० मोलरवर आलं आणि तुम्ही तेवढेच ५.६ मिली घातलेत, तर गोळे २५३ ऐवजी १९० नॅनोमीटरच्या जवळपास येतात आणि हिरव्याऐवजी ४२० नॅनोमीटरचा जांभळा निघतो, तोही डोळ्याला जेमतेम दिसणारा. मग दोष काचेला दिला जातो. वीस मिनिटांचं काम आहे: १ मिली लिकर १०० मिलीपर्यंत पातळ करा, त्यातले १० मिली घेऊन मिथाइल रेडवर ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट करा. ब्युरेटवर १३.४ मिली आले तर बाटली ताजी. कमी आले तर त्या प्रमाणात लिकर वाढवा आणि वरचं पाणी कमी करा.

इथेनॉल, पाणी, अमोनिया फ्लास्कमध्ये घालून बूच लावा आणि २५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये पंधरा मिनिटं ढवळू द्या. मे महिन्यात खोलीचं तापमान ३८ असेल तर बाथमध्ये बर्फ टाकत राहावं लागेल, कारण तापमान वाढलं की गोळे लहान होतात. टीईओएस वेगळ्या पिपेटने, पाण्याचा थेंबही लागू न देता मोजा आणि एका दमात ओता. थेंब थेंब घातलं तर नवी बीजं वेगवेगळ्या वेळी जन्मतात, आधीची मोठी होतात, नंतरची लहान राहतात. एकदम ओतलं की बीजं जवळजवळ एकाच वेळी तयार होतात आणि सगळी बरोबरीने वाढतात. काही मिनिटं द्रावण स्वच्छ राहतं, मग निळसर झाक येते, आणि हळूहळू पातळ दुधासारखं होतं. ओतल्या ओतल्याच गढूळ झालं तर अमोनिया किंवा पाणी जास्त पडलंय किंवा भांडं ओलं होतं. रात्रभर ढवळत ठेवा. हे सगळं फ्यूम हूडमध्ये, चष्मा लावून. टीईओएसची वाफ डोळ्यांना वाईट.

अल्कोहोलचा कोटा संपला म्हणून आयसोप्रोपेनॉल घालू नका. त्यात गोळे मोठे होतात आणि मापांचा पसाराही वाढतो. डिनेचर्ड स्पिरिटचा तर विचारही नको.

धुणं सोपं, पण इथेच चांगला घाणा वाया जातो. ३,००० ते ४,००० आरपीएमला पंधरा मिनिटं सेंट्रिफ्यूज, वरचं द्रावण टाका, ताजं इथेनॉल घाला, सोनिकेटरच्या टबमध्ये वीस मिनिटं. अमोनियाचा वास जाईपर्यंत, साधारण चार वेळा. जोरात फिरवलं की तळाशी खडूसारखी वडी बसते आणि ती पुन्हा पूर्ण सुटत नाही. दोन-तीन चिकटलेले गोळे म्हणजे मोसंब्यांच्या ढिगात शहाळं. थोडा वेळ लागला तरी चालेल, कमी वेगाने फिरवा.

आकार तपासायला एसईएम, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, हवाच. विद्यापीठाच्या सुविधेत अर्ध्या तासाचा स्लॉट पुरतो. १०० गोळे मोजा, सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगचा आकडा थोडा मोठा येतो कारण तो द्रवात फिरणाऱ्या कणाचा असतो. रंगाच्या हिशोबात एसईएमचाच आकडा घाला. गोळे हवे त्यापेक्षा लहान निघाले तर घाणा फेकू नका. न धुतलेल्या द्रावणात हळूहळू आणखी टीईओएस घालून ते वाढवता येतात, आणि लागणारी सिलिका व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. २२० वरून २५३ करायला व्यास १.१५ पट, म्हणून सिलिका १.५२ पट, म्हणजे पहिल्या टीईओएसच्या निम्म्याहून थोडं जास्त, सोबत त्याला लागणारं पाणी. हे दोन-तीन तासांत थेंबाथेंबाने घाला. इथे घाई उलटी पडते, नवी लहान बीजं जन्मतात. पहिल्यांदा एकदम आणि नंतर हळू, एवढं लक्षात ठेवा.

फिल्मला तडे जाणं ही जवळजवळ प्रत्येकाची तक्रार असते. स्टोबर सिलिका आतून पूर्ण भरीव नसते, तिच्यात पाणी आणि सिलॅनॉल गट (सिलिकॉनला जोडलेले ओएच गट) असतात. सुकताना गोळे आक्रसतात, काच मात्र आक्रसत नाही. उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला भेगा पडतात तशी फिल्म तुकड्यातुकड्यांत फुटते. उपाय म्हणजे गोळ्यांना जे आक्रसायचं ते आधीच आक्रसू द्यायचं. पावडर ६०० अंशांना चार तास भाजा आणि मग पुन्हा इथेनॉलमध्ये पसरवा. भाजलेली पावडर सुटायला सोनिकेटरमध्ये दीड-दोन तास लागतात आणि न सुटलेले गठ्ठे रात्रभर उभं ठेवून तळाशी बसू द्यावे लागतात. यात व्यास थोडा कमी होतो, तेव्हा एसईएम भाजल्यानंतर पुन्हा करा. भाजण्याचा खटाटोप नको असेल तर बारीक तडे पत्करा. मोजमापाला ते फारसे आड येत नाहीत, फोटोत तेवढे दिसतात.

आता काच. पिरान्हा द्रावणाच्या (सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड) नादी लागू नका. त्यात ॲसिटोनचा अंश गेला तरी स्फोट होऊ शकतो आणि कॉलेजच्या बेसिनपाशी ते काम करण्याजोगं नाही. साबण, डिस्टिल्ड पाणी, इथेनॉल, मग इथेनॉलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १ मोलर द्रावणात दहा मिनिटं, आणि भरपूर पाण्याने धुणं. हातमोजे घाला आणि काच चिमट्यानेच धरा. पाणी काचेवर चादरीसारखं पसरलं तर काच झाली; थेंब धरून राहिलं तर पुन्हा करा. बोट लागलेल्या जागी फिल्ममध्ये ठशाएवढं भोक राहतं.

२० मिलीच्या काचेच्या बाटलीत १० मिली द्रावण घ्या. आकारमानाने १ टक्का सिलिका हवी, म्हणजे दर मिलीत २० मिलिग्रॅम. वजनाच्या १ टक्क्याशी गल्लत नको, तो याच्या निम्म्याहूनही कमी पडतो. स्लाइडची १ सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापून क्लिपने उभी टांगा. इथेनॉल उडत जातं, काचेवर द्रवाची जी वक्र कड चढलेली असते तिथे बाष्पीभवन सर्वात जोरात होतं, त्या ओढीने मागून द्रव येतो आणि गोळे कडेला ओढून आणतो. तिथे पातळ थरात त्यांना एकमेकांशेजारी घट्ट बसण्यावाचून पर्याय नसतो. थरांची संख्या सिलिकाच्या प्रमाणाबरोबर वाढते आणि व्यास वाढला की कमी होते. १ टक्क्याला साधारण वीस ते चाळीस थर मिळतात. बाटलीतलं इथेनॉल उडत जाताना उरलेलं द्रावण दाट होत जातं, म्हणून फिल्म खालच्या टोकाला जाड असते. वरचा अर्धा सेंटिमीटर आणि तळाचा अर्धा सोडून मधली पट्टीच मोजायची.

बाष्पीभवनाचा वेग आणि गोळ्यांच्या बुडण्याचा वेग यांची शर्यत असते. २५० नॅनोमीटरचा सिलिकाचा गोळा इथेनॉलमध्ये दिवसाला साधारण ३ मिलिमीटर खाली जातो. ५०० नॅनोमीटरचा जवळपास १३ मिलिमीटर, कारण वेग व्यासाच्या वर्गाने वाढतो. द्रवाची पातळी दिवसाला ४–५ मिलिमीटर उतरत असेल तर लहान गोळ्यांचं काम होतं, मोठे मात्र कडेला पोचण्याआधीच तळ गाठतात. ३५० नॅनोमीटरच्या वर जायचं असेल तर तापमान वाढवून बाष्पीभवन वेगवान करावं लागतं. म्हणून पहिला प्रयत्न हिरव्यावर करा. लाल रंगाला २९० ते ३०० नॅनोमीटर लागतात, तो दुसऱ्यांदा.

बाटलीवर १ लिटरचा बीकर उलटा ठेवा आणि खाली दोन काड्यांची फट राहू द्या. पंख्याचा वारा सरळ लागला तर फिल्मवर आडव्या रेघा उमटतात: कड अडकते, सुटते, पुन्हा अडकते. सेंट्रिफ्यूज ज्या टेबलावर आहे त्याच टेबलावर ठेवलंत तरी हेच होतं. रेघांमधलं अंतर मोजून पाहिलं तर कधीकधी ते दिवस-रात्रीच्या तापमानाशी जुळतं. मग इनक्युबेटरमध्ये ३० ते ३२ अंशांवर ठेवणं हाच मार्ग.

जुलैत कोकणात किंवा मुंबईत हे करणार असाल तर आणखी एक भानगड आहे. इथेनॉल हवेतली वाफ शोषतं, शिवाय उडताना स्वतः गार होतं, त्यामुळे वाफ त्यात आणखी उतरते. इथेनॉल आधी उडतं, पाणी मागे राहतं, आणि तिसऱ्या दिवशी बाटलीत जे असतं त्याचा पृष्ठताण आणि बाष्पीभवनाचा वेग पहिल्या दिवसाचा राहिलेला नसतो. फिल्मचा वरचा भाग सुरेख आणि खालचा ठिपक्याठिपक्यांचा दिसला की ओळखा. बीकरखाली सिलिका जेलची वाटी ठेवा. पूर्ण बंद डेसिकेटर मात्र नको, तो इथेनॉलच्या वाफेने भरला की बाष्पीभवनच थांबतं. जमलं तर हा भाग हिवाळ्यात उरकावा.

तीन ते पाच दिवसांनी पट्टी बाहेर काढा. पहिलं काम: मागची बाजू पुसा. फिल्म दोन्ही बाजूंना बसलेली असते आणि दोन्हींची जाडी सारखी नसते; तशीच मोजलीत तर स्पेक्ट्रममध्ये दोघींची भेसळ येते. इथेनॉलने ओल्या केलेल्या इअरबडने एक बाजू साफ करा. मग पट्टी काळ्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात पाहा. पांढऱ्या कागदावर रंग फिका वाटतो, कारण फिल्ममधून आरपार गेलेला उजेड कागदावरून परत येतो आणि रंग धुऊन टाकतो. मोरपिसातही रंग रचनेचाच असतो आणि त्यामागे काळं मेलॅनिन असतं, तेच इथे काळा कागद करतो.

आता त्या हिरव्यावर ड्रॉपरने इथेनॉलचा एक थेंब सोडा. थेंब पसरेल तिथे हिरवा क्षणात पिवळट-नारिंगी होतो आणि फिकाही होतो. हवेच्या जागी १.३६ अपवर्तनांकाचा द्रव शिरला, सरासरी १.३४८ वरून १.४२७ झाली आणि परावर्तनाचं शिखर ५५७ वरून ५९० नॅनोमीटरवर गेलं. शिवाय गोळा आणि पोकळी यांतला फरक घटल्यामुळे परावर्तनही मंदावलं. अर्ध्या मिनिटात थेंब सुकतो, कडेकडून आत हिरवा परत येतो. रंगद्रव्य असं वागत नाही. तोंडी परीक्षेत फिल्म आणि ड्रॉपर सोबत न्या, दहा स्लाइड दाखवण्यापेक्षा याने काम होतं.

स्पेक्ट्रोमीटरमध्ये पारगमन, म्हणजे फिल्ममधून आरपार जाणारा प्रकाश, मोजताना नमुन्यापुढे १ ते २ मिलिमीटर भोकाचा काळा पत्रा लावा, नाहीतर किरण जाड-पातळ सगळ्या भागांतून जातो आणि आलेखातली दरी, म्हणजे परत फेकल्या गेलेल्या रंगापाशी पडणारा खड्डा, पसरट येते. बेसलाइनला तीच काच, फिल्मशिवाय. ५५७च्या जवळ दरी मिळेल. आदर्श सिलिका ओपलमध्ये तिची रुंदी मध्य तरंगलांबीच्या ५ ते ६ टक्के, म्हणजे ३० नॅनोमीटरच्या आसपास. तुमची ५० आली तर थर कमी आहेत किंवा माप विस्कळीत आहे. निळ्या बाजूला पारगमन उतरत जाईल, ती दुसरी दरी समजू नका. ते दोषांवरून होणारं विखुरणं आहे, आणि फिल्म किती चांगली हे त्या उतारावरूनच कळतं. दरीच्या लाल बाजूला बारीक लाटा दिसल्या तर नशीब. त्या जाडी सांगतात: शेजारच्या दोन शिखरांच्या तरंगलांब्यांच्या गुणाकाराला (२ गुणिले १.३४८ गुणिले त्यांचा फरक) याने भागायचं. शिखरं ७५० आणि ७८० नॅनोमीटरला असतील तर जाडी ७.२ मायक्रोमीटर, आणि दर थराला २०७ नॅनोमीटर धरले तर ३५ थर. दरीला खेटून असलेल्या लाटा यासाठी घेऊ नका, तिथे सरासरी अपवर्तनांक बदललेला असतो.

प्रबंधात "फोटॉनिक बँडगॅप" लिहू नका, परीक्षक तिथेच अडवेल. सिलिका ओपलमध्ये ठरावीक दिशेपुरती दरी असते, तिला स्टॉपबँड म्हणतात. सगळ्या दिशांना बंद होणारा पूर्ण बँडगॅप हवा तर उलटी ओपल लागते, म्हणजे गोळ्यांच्या जागी हवा आणि पोकळ्यांत पदार्थ, आणि त्या पदार्थाचा अपवर्तनांक २.८च्या वर. सिलिकॉनला ते जमतं, दृश्य प्रकाशात टायटॅनियाला (टायटॅनियम डायऑक्साइडला) नाही. तरीही टायटॅनियाची उलटी ओपल करण्याजोगी आहे. त्यासाठी साचा सिलिकाचा घेऊ नका, तो काढायला सहसा हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात आणि ते तुमच्या प्रयोगशाळेत नकोच. पॉलिस्टायरीनचे गोळे पाण्यात पसरवून ५० ते ५५ अंशांच्या ओव्हनमध्ये फिल्म बसवा, टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडचं इथेनॉलमधलं द्रावण त्यात मुरवा आणि मिनिटाला १ अंश या चढाने ४५० अंशांपर्यंत नेऊन दोन तास भाजा. पॉलिस्टायरीन जळून जातं. रचना २० ते ३० टक्के आक्रसते, म्हणून हिरवा हवा असेल तर गोळे त्या हिशोबाने मोठेच घ्यावे लागतात.